गिअर बिघडला म्हणून स्क्रू पिळले : बेळगावातल्या एका स्वस्त रोड बाईकचं प्रकरण

पार्श्वभूमी

वडगाव भागात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका हायस्कूल शिक्षकांची ही गोष्ट. नाव आणि शाळा मुद्दाम वगळली आहे. इथं त्यांना 'सर' म्हणू, कारण पुढे वर्कशॉपात सगळेच त्यांना सर म्हणत होते.

सायकल सेकंडहँड घेतलेली. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे पेडलजवळ दोन दातेरी चेनव्हील, मागे १४ ते २८ दातांच्या सात चकत्यांचं फ्रीव्हील, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा शिमानोचा टूर्नी डिरेलर, २५ मिमीचे टायर. नवी असताना वीस हजारांच्या आत-बाहेर मिळणारी. या किमतीची सायकल वाईट नसते, पण दुकानातून घरी येते तेव्हा तिची जुळणी बहुतेक वेळा घाईतच झालेली असते. पुढची देखभाल मालकाने स्वतः शिकून घ्यावी, नाहीतर दर महिन्याला कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहावं.

सर शिकणाऱ्यांपैकी. चेन धुणं, ब्रेक शू बदलणं, पंक्चर काढणं हे सगळं ते घरीच करायचे. ४, ५ आणि ६ नंबरच्या अ‍ॅलन की, पंधराचा पाना आणि प्रेशर दाखवणारा पंप एवढी त्यांची हत्यारं. आठवड्यात येळ्ळूरवरून राजहंसगडाचा चढ, रविवारी पिरनवाडी, किणये करत जांबोटीपर्यंत.

जुलै महिना होता. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरी रस्त्यावर येतात आणि चाकांचा लाल चिखल वीस-पंचवीस फूट पसरून जातात. अशाच एका पट्ट्यावर जांबोटीच्या अलीकडे वळणावर सरांची सायकल घसरली. वेग कमी होता. कोपर खरचटलं, सायकल उजव्या अंगावर पडली, हँडलची टेप थोडी फाटली. उठवली, चेन बसवली, घरी आले. पडल्याची गोष्ट तिथंच संपली असं त्यांनी धरलं.

अडचण

नंतरच्या आठवड्यात मागचे गिअर कुरकुरू लागले. लहान चकत्यांवर चेन नीट उतरेना, मधल्या चकतीवर 'खर्र' आवाज. सरांनी तर्क केला तो बहुतेक जण करतील तोच: पावसाने गिअरची वायर गंजून अडखळू लागली. डिरेलरच्या मागच्या बॅरलने, म्हणजे वायरचा ताण कमी-जास्त करायच्या फिरकीने, त्यांनी वायर थोडी सैल केली. लहान चकत्यांवरचा आवाज गेला, पण आता चेन सर्वात मोठ्या चकतीवर चढेना.

इथून गुंता वाढला. मोठ्या चकतीवर चेन जात नाही म्हणजे 'एल' स्क्रू अडवतो आहे, असं त्यांना वाटलं. डिरेलरवर 'एच' आणि 'एल' असे दोन स्क्रू असतात. एच चेनला लहान चकतीच्या पलीकडे पडू देत नाही, एल तिला मोठ्या चकतीवरून स्पोकमध्ये जाऊ देत नाही. गिअर कुठल्या चकतीवर बसणार हे हे स्क्रू ठरवत नाहीत, ते नुसती हद्द आखतात. चकती ठरते वायरच्या ताणावर. सरांच्या बाबतीत चेन कमी पडत होती ती वायर सैल केल्यामुळे. पण त्यांनी एल स्क्रू एक फेरा उघडला. फरक पडला नाही. मग वायर पुन्हा ताणली आणि चेन मोठ्या चकतीवर चढली. मधला आवाज परत आला, तेवढा चालेल म्हणून सोडून दिला.

म्हणजे आता हद्द उघडी होती आणि वायर ताणलेली. हीच सायकल घेऊन ते राजहंसगडाच्या चढाला गेले.

शेवटच्या तीव्र टप्प्यावर त्यांनी सर्वात हलका गिअर टाकला आणि चेन मोठ्या चकतीवरून थेट स्पोकमध्ये गेली. मागचं चाक जाम. चढावर वेग चालण्याइतकाच होता म्हणून पाय टेकता आला. उतारावर हे झालं असतं तर हे प्रकरण वेगळ्या प्रकारे लिहावं लागलं असतं. उजवीकडच्या दोन स्पोकवर खोल खाचा पडल्या. फ्रीव्हीलमागची प्लास्टिकची चकती हे रोखण्यासाठीच असते. ती आधीच्या मालकाने 'दिसायला बरी नाही' म्हणून काढून टाकलेली होती.

मूळ कारण कसं सापडलं

सायकल ढकलत खाली आणल्यावर सरांनी शेजारच्या एका टर्नरला दाखवली. हा माणूस उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. सायकलच्या गिअरशी त्याचा संबंध नाही, पण सरळ-वाकडं त्याच्या नजरेला लगेच कळतं. त्याने सायकल मागून, डोळे चाकाच्या पातळीला आणून पाहिली आणि म्हणाला, "काय पिळूलायसा सर? हे लोंबतंय तेच तिरकं हाय की."

डिरेलर ज्या कानाला बोल्ट होतो त्याला हँगर म्हणतात. फ्रेमच्या मागच्या टोकाला लावलेला हा अ‍ॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर तो वेगळा आणि मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे मार लागला तर तो वाकेल किंवा तुटेल, पण फ्रेम वाचेल. सायकल उजव्या अंगावर पडली की सगळा भार डिरेलरवर येतो आणि हँगर आत, स्पोककडे वाकतो. सरांच्या सायकलला तेच झालं होतं.

वाकलेल्या हँगरची एक खूण आहे. वायर सैल किंवा जास्त ताणलेली असेल तर सगळे गिअर सारखेच बिघडतात आणि बॅरल थोडा फिरवला की सगळे सारखेच सुधारतात. हँगर वाकला असेल तर एका टोकाला गिअर जुळवला की दुसऱ्या टोकाला बिघडतो. लहान चकत्या नीट केल्या की मोठ्या बिघडणार, मोठ्या नीट केल्या की मधल्या. सरांना हेच दिसत होतं. वाकल्यामुळे डिरेलरचा दोन पुल्यांचा पिंजरा चकत्यांना समांतर राहिला नव्हता आणि तो आत सरकल्यामुळे एलची जुनी हद्दही खोटी ठरली होती. स्क्रूला हात लावला नसता तरी धोका होताच. एक फेरा उघडल्यावर अपघात जवळपास नक्की झाला.

पर्याय

गल्लीतलं सायकल दुकान हा पहिला पर्याय. तिथले मिस्त्री चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढण्यात तरबेज आहेत, पण त्यांचं आयुष्य बिनगिअरच्या सायकलींवर गेलंय. हँगर मोजायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. पान्याने अंदाजे वाकवायला ते तयार होते. सरांनी नको म्हटलं आणि ते बरोबर होतं, कारण अंदाजाने वाकवलेला अ‍ॅल्युमिनियमचा कान पुन्हा उलटा वाकवायला लागला की तडा जायची शक्यता वाढत जाते.

दुसरा पर्याय डिरेलर नवा घ्यायचा. हजाराच्या आसपास खर्च, आणि प्रश्न जागच्या जागी. नवा डिरेलरही त्याच वाकड्या कानावर लोंबला असता. तरी ओळखीच्या दोघा-तिघांनी हाच सल्ला दिला होता.

तिसरा, हँगरच नवा मागवायचा. तत्त्वतः हे सर्वात बरं. अडचण अशी की हँगरचे शेकडो आकार आहेत आणि स्वस्त सायकलीच्या मॉडेलच्या नावावरून तो मिळेलच असं नाही. जुना काढून पट्टीशेजारी ठेवून फोटो काढायचा, भोकांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर मोजायचं, चित्राशी ताडून पाहायचं. तोवर सायकल उभी.

चौथा, कोल्हापूर किंवा पुण्याला नेणं. पुढचं चाक काढून बसने नेता येते, पण दोन दिवस मोडले असते.

पाचवा पर्याय टर्नरने सुचवला: मोजायचं साधन इथंच बनवू आणि मोजून सरळ करू. सरांनी तिसरा आणि पाचवा असे दोन्ही एकदम धरले. हँगर मागवला, आणि तो येईपर्यंत जुना सरळ करून चालवायचं ठरवलं. बेळगावात उद्यमबागेसारखी जागा आहे म्हणूनच हा पर्याय उभा राहिला, असं मला वाटतं. सुट्या भागांसाठी आपण ऑनलाइन वाट पाहत बसतो आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर काम करणारी माणसं तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे बसलेली असतात.

केलेली कामं

सरांनी हार्डवेअरच्या दुकानातून आधीच एक दहाचा बोल्ट आणून ठेवला होता. तो हँगरमध्ये पिळायचा आणि त्याला पट्टी जोडायची, अशी त्यांची कल्पना. टर्नरने बोल्ट हातात घेतला, मग डिरेलरचा मूळ बोल्ट मागितला. खिशातून थ्रेड गेज काढून एकेक पान लावून पाहिलं. दीडचं पान डुगडुगलं, एकचं घट्ट बसलं. "दुकानचा बोल्ट दीडच्या पिचचा हाय सर, ह्यो एकचा. पिळला असता तर कान गेला असता." पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. सायकलच्या हँगरचा थ्रेड १० मिमी व्यासाचा, १ मिमी पिचचा असतो. बाजारातला साधा दहाचा बोल्ट १.५ पिचचा. तो पहिला अर्धा फेरा जातो, माणसाला वाटतं जरा घट्ट आहे, आणि जोर लावला की मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे सपाट. या सगळ्या प्रकरणात सर्वात मोठं नुकसान होता होता टळलं ते इथं.

साधन साधंच होतं. २० मिमीच्या ब्राइट बारचा, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळईचा, एक तुकडा, त्याचं एक टोक १० मिमीला उतरवून त्यावर १ पिचचा थ्रेड. टर्नरचा आग्रह एकाच गोष्टीचा: थ्रेड आणि त्यामागचा खांदा एकाच सेटिंगमध्ये काढायचा, तुकडा लेथच्या चकमधून (पकडीतून) सोडून परत बांधायचा नाही. कारण हा खांदाच हँगरच्या तोंडाला टेकणार. तो आट्यांना काटकोनात नसेल तर मोजमाप खोटं. बारच्या दुसऱ्या बाजूला बुश, बुशला जोडलेली लोखंडी पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला लांब स्लॉटमध्ये एक लांब बोल्ट, रिमकडे बोट दाखवणारा. स्लॉट लागतो, कारण हँगरचं भोक एक्सलच्या तीसेक मिलिमीटर खाली असतं. तिथून रिम वरच्या बाजूला लांब पडते, खालच्या बाजूला जवळ. बोट पट्टीवर पुढे-मागे सरकलं पाहिजे, पण आत-बाहेर अजिबात हललं नाही पाहिजे.

मोजण्याच्या वेळी मी तिथं होतो. आधी चाक सोडून पुन्हा बसवलं, एक्सल दोन्ही बाजूंना खोबणीच्या तळापर्यंत गेला आहे हे पाहूनच क्विक रिलीज, म्हणजे चाक धरून ठेवणारा खटका, आवळला. चाकच तिरकं बसलं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मग व्हॉल्व्ह सर्वात खाली आणून बोट रिमला टेकवलं, व्हॉल्व्हच्या बाजूलाच. पट्टी वर फिरवली, चाकही फिरवून तोच व्हॉल्व्ह वर आणला. दर वेळी रिमचा तोच बिंदू घेतला की चाकाला आऊट असला तरी मोजमापात शिरत नाही, आणि सरांच्या चाकाला तो होताच. खाली टेकलेलं बोट वर मात्र रिमपासून ९ मिमी दूर होतं. पुढे-मागे ३ मिमीचा फरक. वर-खाली आणि पुढे-मागे फरक ४ मिमीच्या आत असावा, असा सर्वसाधारण नियम आहे.

सरळ करताना पट्टी खालच्या बाजूला आणून बाहेर ओढायची. टर्नरने पहिल्यांदा इतकं हलकं ओढलं की काहीच झालं नाही. परत मोजलं, थोडं जास्त. परत मोजलं. एका झटक्यात ९ मिमी काढायचे नाहीत आणि पलीकडे जाऊ द्यायचं नाही, ही दोन्ही पथ्यं त्याने न सांगता पाळली. २ मिमीवर आल्यावर तो थांबला. सरांना शून्य हवं होतं. "असू दे की," म्हणत त्याने पट्टी काढली. बॅटरीच्या उजेडात आट्यांभोवती केसाएवढी चीर दिसते का पाहिलं. दिसली नाही.

स्पोकचं काम गल्लीतल्या मिस्त्रीकडेच दिलं, आणि हा निर्णय मला सर्वात आवडला. खाच पडलेले स्पोक आज ना उद्या तुटणारच. उजव्या बाजूचा स्पोक घालायला फ्रीव्हील काढावं लागतं, आणि ते पेडल मारून मारून घट्ट बसलेलं असतं. त्याचा दाती पुलर ऑनलाइन मागवला, तो व्हाइसमध्ये पकडला आणि चाकच स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवलं. मिस्त्रींनी जुन्या स्पोकच्या लांबीचे दोन नवे घातले आणि आऊट काढला. फ्रीव्हील परत चढवण्याआधी त्यामागे प्लास्टिकची चकती टाकली. ती कुठल्या तरी जुन्या चाकाची होती, जरा पिवळी पडलेली.

वायर आणि तिची नळी नवी घेतली. इथं दुकानदाराने ब्रेकची नळी हातात ठेवली होती. टोक पाहिलं की कळतं: ब्रेकच्या नळीत तार गोल गुंडाळलेली असते, गिअरच्या नळीत बारीक तारा लांबीच्या दिशेने सरळ जातात. ब्रेकची नळी ताण आला की थोडी दबते. ब्रेकला ते चालतं, पण गिअरच्या प्रत्येक क्लिकला वायर ठरावीक मापाने ओढली गेली पाहिजे, तिथं चालत नाही.

मग स्क्रू. या वेळी वायर सोडूनच सुरुवात. एच असा लावला की वरची पुली सर्वात लहान चकतीच्या रेषेत यावी. डिरेलर हाताने आत ढकलून एल असा लावला की चेन मोठ्या चकतीवर चढावी, पण त्यापुढे एक मिलिमीटरही जाऊ नये. वायर बांधताना गिअर सर्वात लहान चकतीवर, आणि शेवटी बॅरल पाव-पाव फेऱ्याने. चेनही मोजली. अर्ध्या इंचाचे २४ तुकडे नव्या चेनवर ३०४.८ मिमी भरतात, इथं ३०६ होते. ३०७ ला बदलायची, म्हणून राहू दिली.

निकाल

चाचणी आधी सायकल उलटी टांगून, मग घरासमोरच्या सपाट रस्त्यावर, मग येळ्ळूर रस्त्याच्या हलक्या चढावर. राजहंसगड सर्वात शेवटी, आणि तिथं गिअर चढाच्या आधीच टाकून. सातही गिअर बसतात. सर्वात लहान चकतीवर उतरताना चेन अर्धा क्षण थांबते. ते २ मिमी बहुधा तिथं दिसतात.

खर्च डिरेलर नवा घेतला असता त्याच्या आसपासच आला. त्यात साधनाचे तीनशे, स्पोक आणि आऊटची मजुरी, वायर-नळी, पुलर हे सगळं आलं. साधन आणि पुलर टर्नरकडे ठेवले आहेत. उद्यमबागेत सायकलने येणाऱ्या दुसऱ्या कामगारांनीही ते वापरले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णय पडल्यानंतर दोन मिनिटांत घ्यायचा होता. उजव्या अंगावर पडलेली सायकल मागून पाहायची. चेन, दोन पुल्या आणि चकती एका उभ्या रेषेत दिसल्या पाहिजेत. हे रस्त्याच्या कडेलाही होतं. सरांनी चेन बसवली, रेषा पाहिली नाही. अर्थात रक्ताळलेलं कोपर आणि पाऊस असताना कोण बघतो, हेही खरंच.

दुसरा, एल स्क्रू उघडण्याचा. चेन मोठ्या चकतीवर चढत नसेल तर वायर सोडून डिरेलर हाताने आत ढकलून पाहायचा. हाताने चेन चढली तर स्क्रूचा दोष नाही, वायर बघा. एवढी एक चाचणी केली असती तर सर त्या दिवशी गडाच्या चढावर अडकले नसते. शिवाय कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या डोक्यावर मार्करने रेघ मारून ठेवावी. किती फेरे दिले हे लक्षात राहत नाही.

तिसरा मुद्दा वादाचा आहे. हँगर सरळ करण्याऐवजी नवा येईपर्यंत थांबायला हवं होतं का? सरांचं मत, नाही. पावसातही गाडी सुरू राहिली. माझं मत थोडं वेगळं. चढाला रोज जाणाऱ्या माणसाने एकदा वाकून सरळ झालेल्या कानावर फार भरवसा ठेवू नये. सपाट रस्त्यावर ठीक. मी असतो तर जांबोटी आणि गड दोन्ही नवा कान येईपर्यंत बंद ठेवले असते.

नवा हँगर आला तेव्हा सरांना वाटलं, आता मोजायची गरज नाही. टर्नरने तरी साधन लावलंच. वर-खाली ५ मिमीचा फरक निघाला. कारखान्यातून आलेला, एकदाही न पडलेला. बसवतानाच तो सरळ करून घेतला, आणि जुना सॅडलखालच्या पिशवीत गेला.